तिथं दुखत नाही

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला सगळा बाजार मास्तर म्हणतो. कपडे शिवायच्या दुकानात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि त्या जागेवर बाई आली म्हणून कुणी वेगळा शब्द शोधत बसले नाही. घरातही हळूहळू तेच नाव रुळले. माझी बायको तिची थोरली जाऊ, तीसुद्धा "अगं मास्तर" अशीच हाक मारते. आम्ही खालच्या मजल्यावर राहतो, ते दोघे वरच्या. मधला जिना इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. मास्तर अंगाने जड होती तेव्हा तेवढ्यानेही भागत नसे, समोरच्याला मुकाट्याने परत खाली उतरावे लागे.

"वाट दिलीत भाऊजी, आता तुमच्या पँटची कंबर फुकट सैल करून देते," असे ती म्हणायची, आणि खरेच करून द्यायची.

तिला एकाच गोष्टीचा राग होता. झोळाचा. कापड अंगावर नीट बसले नाही, खांद्यामागे किंवा कंबरेवर कुठे सैल पडून त्याची वळकटी झाली, की तिच्या जिवाला चैन पडत नसे. बसमध्ये पुढच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाच्या सदऱ्याला तिने चिमटा काढलेला मी स्वतः पाहिला आहे. तो दचकून मागे वळला तेव्हा म्हणाली, "इथं अर्धं बोट आत घ्यायला सांगा तुमच्या टेलरला." माझा भाऊ बस चालवतो. त्या दिवशी गाडी त्याचीच होती. आरशात हे पाहून त्याने पुढचा थांबा चुकवला.

साखरेच्या डॉक्टरांनी दम भरला तेव्हा तिने वजन उतरवायचे मनावर घेतले. चालायला लागली, जिभेला लगाम घातला, आणि हळूहळू अर्धी झाली. आम्ही सगळे खूश होतो. पण आतले माणूस लहान झाले तरी वरचे कातडे तेवढेच राहिले. पोटावरून ते पदरासारखे खाली लोंबे. उन्हाळ्यात त्या घडीखाली ओल राही, चट्टे उठत, चिघळत. त्याहून वाईट म्हणजे कापायच्या टेबलाची कड नेमकी तिथेच येई. दिवसभर वाकून कात्री चालवायची, आणि दर वेळी ती घडी टेबल आणि अंग यांच्यात चेंगरायची. फडकी बांधून झाली, उशी बांधून झाली. शेवटी एका महागड्या कापडावर तिची कात्री रेघ सोडून गेली.

दुकानाच्या मालकीणबाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आता पुढं बसा. मापं घ्या, गिऱ्हाइकांशी बोला. कापायला दुसरं कुणी बघते मी."

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे येऊन बसली. "वहिनी, मला खुर्चीत बसवायला निघाल्यात. टेबल सुटलं की मी कसली मास्तर?" असे म्हणाली आणि मग स्वतःच हसली. "अंगावर दोन नंबर मोठं कातडं चढवून फिरतेय. आता तेच आल्टरेशनला टाकते."

मी हसलो. माझी बायको हसली नाही.

शल्यचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर बाईच होत्या. शांत, कमी बोलणाऱ्या. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मास्तरला उभे करून तिच्या पोटावर जांभळ्या पेनाने रेघा काढल्या. माझी बायको तेव्हा सोबत होती, तिच्याकडूनच मला हे कळले. मास्तर मान खाली घालून त्या रेघा तपासत होती.

"डॉक्टर, डावी बाजू सूतभर खाली आलीय."

"येऊ दे. माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात."

"आणि एवढं कापून वरचं खाली ओढणार? मग ताण नाही का बसणार?"

"बसणार. म्हणूनच पुढं बरेच दिवस वाकून चालायचं. आणि हे बघा, नाभीखालचा हा भाग आहे ना, याला रक्त सगळ्यात लांबून येतं. त्याला जपायचं. कापड शिवून झालं की झालं. हे शिवल्यावर पुन्हा जगावं लागतं."

मास्तरने मान डोलावली. माझ्या बायकोचे म्हणणे, तिने ते ऐकले, पण गिऱ्हाईक आपल्याला कापडाबद्दल शिकवू लागले की जशी मान डोलावायची तशी.

ऑपरेशन चांगले झाले. ती घरी आली ती कंबरेत मोडल्यासारखी वाकून. कुशीतून दोन नळ्या बाहेर काढलेल्या आणि त्यांच्या टोकाला रबरी फुगे, त्यांत लालसर पाणी साचायचे. माझी बायको सकाळ-संध्याकाळ ते रिकामे करी. झोपायचे तर पाठीखाली उशांचा डोंगर आणि गुडघ्यांखाली आणखी एक. खोकला आला की पोटावर उशी घट्ट धरून खोकायचे. हसायला तर बंदीच होती, आणि माझा भाऊ घरात असताना ती पाळणे अवघड.

"अहो, तुम्ही बोलू नका. तुम्ही नुसते समोर उभे राहिलात तरी टाके ताणतात."

"मग पाठमोरा बसतो."

"पाठमोरे आणखी वाईट दिसता. सदरा बघा कसा झोळतोय!"

दुखणे म्हणजे काय ते तिने आम्हाला तिच्याच भाषेत सांगितले होते. टाक्यांचे दुखणे टाचणीचे, उठताना होते ते कापड टरकावल्याचे, आणि पाठीचे दुखणे दिवसभर उभे राहिल्याचे, ते आपले जुने, ओळखीचे. गोळी घेतली की हात जड होतात म्हणून ती गोळ्या टाळू पाहायची. माझी बायको समोर उभी राहून गिळायला लावायची. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. तसा तो मुंगीच्या पावलाने का होईना, चालला होता. नळ्या निघाल्या. ती भिंत धरून गॅलरीपर्यंत जाऊ लागली.

रात्रंदिवस घालायला तिला एक आवळ पट्टा दिला होता. छातीखालपासून मांड्यांपर्यंत येणारा, जाड ताणाच्या कापडाचा, एका कुशीला हुकांची रांग. एक धुवायला, एक घालायला, असे दोन. सूज उतरू लागली तसा तो पुढून थोडा सैल पडला. बसल्यावर नाभीखाली त्याला एक आडवी वळकटी येऊ लागली.

म्हणजे झोळ.

एका दुपारी भाऊ कामावर होता आणि माझी बायको खाली आंघोळीला आली होती. वरून शिवणयंत्राचा आवाज आला. किती दिवसांनी! मी घरीच होतो. बायको ओल्या केसांनी बाहेर आली आणि म्हणाली, "ऐकलंत? मशीन बोलायला लागलं. झाली आपली मास्तर बरी." जिन्यातून वर जाऊन तिने विचारले तेव्हा मास्तर म्हणाली, उशीचा अभ्रा फाटला होता, दोन टिपा मारल्या.

त्यानंतर तिची तब्येत भराभर सुधारल्यासारखी वाटली. ती गोळ्या नको म्हणू लागली, आणि आता ते खरे वाटायचे, कारण चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नव्हती.

"खाली अजिबात दुखत नाही आता," ती सांगे. "सगळं कसं धरून ठेवल्यासारखं वाटतं."

तिथली कातडी काही महिने सुन्न राहील असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. म्हणून कुणाला शंका आली नाही. पट्टा बदलायचे हुक काढताना एकदा माझ्या बायकोला मास्तरच्या पोटावर, नाभीच्या खाली, एक टाचणी दिसली. नुसती चिकटलेली नव्हती, टोचलेली होती. काढली तेव्हा रक्ताचा थेंबसुद्धा आला नाही.

"अगं, ही तुला लागली नाही?"

मास्तरने खाली पाहिले. "आमच्या घरात टाचण्या कुठं नाहीत, वहिनी? अंथरुणात असेल." आणि मग, "बघा, भाऊजींना सांगा. टाचणीला दाद देत नाही मी आता."

बायकोने मला हे गंमत म्हणून सांगितले खरे, पण सांगून झाल्यावर ती बराच वेळ आपली बोटे चोळत बसली होती.

मग रंग बदलला. नाभीखाली तळहाताएवढ्या जागेवर आधी निळसर झाक आली, मुका मार लागल्यावर येते तशी. काही दिवसांत मधला भाग काळपट झाला, आणि त्याच्या कडा कापडावर इस्त्री राहून गेल्यावर दिसतात तशा. डॉक्टरांनी पट्टा बाजूला करून पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"घट्ट काही बांधता का यावर?"

"नाही," मास्तर म्हणाली.

डॉक्टरांनी पट्टा उलटसुलट केला. तो जसा दिला तसाच होता. "साखर ठीक आहे. मग रक्त का पोचत नाहीये इथं?" त्यांनी माझ्या भावाकडे पाहिले. "घरात कुणी सिगारेट ओढतं?"

भाऊ ओढायचा. गॅलरीत, दार लोटून. त्याने मान खाली घातली. सिगारेटचा धूर रक्ताच्या बारीक नळ्या आवळतो, जखमेला ते सोसत नाही, असे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून माझ्या भावाने पाकीट टाकले. एवढेच केले असते तर ठीक होते. तो कामावरून आला की आधी आमच्याकडे येई, अंगावरचे कपडे काढून ठेवी, साबणाने कोपरापर्यंत हात धुई, आणि मग वर जाई. डेपोत लोक ओढतात, त्यांचा वास आपल्या कपड्यांना लागला असेल, म्हणून. बोलणे कमी झाले. घरात आता हसायची बंदी पाळणे मुळीच अवघड राहिले नव्हते.

"दादा," तो एकदा मला म्हणाला, "तिनं एवढं सोसलं, आणि मी दाराआड उभा राहून धूर सोडत होतो."

मलाही तेच खरे वाटत होते.

काळा भाग वाढत होता. मास्तरला बारीक ताप राहू लागला. खोलीत एक गोडसर, कुबट वास येऊ लागला, आणि माझी बायको कारण नसताना खिडक्या उघडू लागली. मास्तर मात्र तेच म्हणत राहिली, तिथं दुखत नाही. आता ते ऐकले की आम्हाला धीर येण्याऐवजी धास्ती वाटे.

पट्टे धुवायचे काम मास्तर हट्टाने स्वतः करी. ताप चढला त्या सकाळी तिला उठवेना, अंगावरचा पट्टाही घामाने भिजलेला, म्हणून माझ्या बायकोने दोन्ही पट्टे धुतले आणि वाळत घालायला गॅलरीत नेले. झटकून उन्हात धरले, तर एका पट्ट्यातून उजेडाचे बारीक ठिपके आले. नाभीच्या खाली येणाऱ्या भागात, एका रेघेत. खालून तशीच दुसरी रेघ. तिने दुसरा पट्टा धरला. तिथेही तेच.

सुईची भोके होती ती. दोरा नव्हता, नुसती भोके. ताणाच्या कापडात एकदा सुई गेली की जागा भरून येत नाही.

बायको शिवणकाम जाणत नाही. पण उसवलेली टीप कुणालाही ओळखू येते. पट्टा तसाच ओला घेऊन ती आत गेली.

"हे काय आहे गं?"

मास्तरने भिंतीकडे तोंड केले.

"मास्तर, मी तुला विचारतेय."

"झोळ पडत होता," ती म्हणाली. "तिथं कापडाची घडी बोचायची. म्हणून मी ती आत घेतली. मापात बसवला पट्टा. नीट बसवला, वहिनी. आपली टीप कधी चुकत नाही."

"हुक काढताना मला ती पट्ट्याचीच शिवण वाटायची. आणि डॉक्टरांना दिसली नाही ती टीप?"

"जायच्या आधी उसवायचे. आल्यावर हातानं परत मारायचे. परवा काळं वाढलेलं बघून दोन्ही उसवून टाकले."

माझी बायको खालीच बसली. दुमडलेल्या जाड कापडाची एक दोरीसारखी कड, नेमकी त्या जागेवर, रात्रंदिवस. जिला रक्त सगळ्यात लांबून येते त्या जागेवर. आणि सुन्न कातडीने हूं की चूं केले नाही.

"डॉक्टरांनी तोंडावर विचारलं होतं तुला!"

"काय सांगू? मास्तरनं स्वतःच्याच मापाचं वाटोळं केलं, असं? बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का मला? आधीच खुर्ची तयार ठेवलीय त्यांनी." मग तिने जावेचा हात धरला. हात तापलेला होता. "वहिनी, आता नाही घालणार टीप. आपोआप भरेल ते. तुम्ही सांगू नका कुणाला."

"तू सांगतेस की मी सांगू?"

तेवढ्यात खाली दारात भावाची पावले वाजली. त्या दिवशी त्याची पाळी लवकर सुटली होती. तो खाली आमच्याकडे थांबला. नळ सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला. पाणी बराच वेळ वाहत राहिले. दोघी जावा ते ऐकत होत्या. मग तो वर आला, धुतलेला सदरा घालून, बाह्या दुमडून, ओले हात अंगापासून लांब धरून, आणि दारातच उभा राहिला.

"येऊ का जवळ?" त्याने विचारले. "आज गाडीत मागं कुणीतरी ओढत होतं. मी उतरवलं त्याला. पण वास असेल थोडा."

मास्तर त्याच्या हातांकडे पाहत होती. साबणाने ते पांढरे पडले होते आणि बोटांच्या पेरांवर भेगा होत्या.

"अहो," ती म्हणाली, "ते तुमच्यामुळं नाही झालं."

"असू दे. तू नको विचार करू."

"असू दे काय? ऐका तरी! माझ्यामुळं झालंय. मी केलंय ते." आणि तिने जावेच्या मांडीवरचा ओला पट्टा ओढून त्याच्या अंगावर टाकला. "धरा उजेडाला. बघा."

त्याने धरला. पाहिला. तो कधी रागावला तर मोठ्याने बोलतो, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही. पट्टा घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, हिची चप्पल कुठंय? आत्ता न्यायला हवं."

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि तो परत दिला. काळी झालेली कातडी काढावी लागणार होती, आणि ताप पाहता लगेच. ती जागा लगेच शिवता येणार नव्हती. उघडीच ठेवायची, रोज पट्ट्या बदलायच्या, आणि ती आतून वर भरत येईल याची वाट बघायची. किती दिवस, ते त्यांनी सांगितले नाही. भरली तरी तिथली कातडी टेबलाची कड सोसेल की नाही, तेही सांगितले नाही. मास्तरने तेवढेच विचारले होते.

"आज ती जागा दुखत असती," डॉक्टर म्हणाल्या, "तर मला बरं वाटलं असतं."

पुन्हा पोटावर पेनाने रेघ निघाली. या वेळी मास्तर खाली पाहत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते.

ती घरी आली त्याला आता बरेच दिवस झाले. ताप गेला आहे. दुकानात तिच्या टेबलाशी दुसरे माणूस कापायला उभे आहे. पुढची खुर्ची मालकीणबाईंनी तशीच रिकामी ठेवली आहे, आणि त्या खुर्चीबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. नवे पट्टे आले आहेत. माझा भाऊ कामावर जाण्यापूर्वी त्यांतला एक हातात घेतो, आत हात घालून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवतो, आणि मगच तिला देतो. ती हुक लावून घेते. शिवणयंत्र त्याने उचलून आमच्याकडे खाली आणून ठेवले आहे, वर चादर घातली आहे.

जखम रोज सकाळी माझी बायको धुते. काल मी जिन्यात वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, दार उघडे होते, म्हणून ऐकू आले.

"आई गं!"

"दुखलं?" बायकोचा आवाज.

"दुखलं. थांबा. परत लावा बोट. हां, दुखतंय! वहिनी, दुखतंय!"

आतल्या खोलीतून भाऊ धावत आला. "काय झालं?"

"काही नाही हो, दुखतंय."

"खरंच?" आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. "मग मी पाठमोरा बसू का?"

"गप्प बसा. वहिनी, ही कड झाली ना? आता थोडं आत या."

वाटीतल्या पाण्यात कापूस बुडवल्याचा आवाज आला.

"आणखी आत. मधोमध. मी बघत नाही, तुम्ही लावा."

मी वर्तमानपत्र खाली केले.

"लावलंत का बोट?"

"लावलंय," माझी बायको म्हणाली. "केव्हाचं लावलंय."